जिता वाटा

आधीच सांगून ठेवते, धीर देणाऱ्यांपैकी मी नाही. मी एसटीत कंडक्टर आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, कधी गडचिरोली. माणसांना आत घ्यायचं, पुढे सरकवायचं आणि वेळ आली की उतरवायचं, हे माझं काम. रक्ताच्या कॅन्सरवर माझ्यात माझ्या भावाच्या पेशी घातल्या. त्या लागतात की नाही याची वाट पाहत मी नागपूरच्या एका हॉस्पिटलात काचेच्या खोलीत पडून होते. तेव्हा जो येईल तो काचेला नाक लावून म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा." त्या प्रत्येकाला मला पुढच्या फाट्यावर सामानासकट उतरवून द्यायचं होतं.

हे लिहिते आहे ते आत्ता अशाच खोलीत पडलेल्या माणसासाठी. तुला सगळ्यांचा राग येत असेल तर येऊ दे. त्याने औषध लागू पडायचं थांबत नाही, मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. मला तर ज्याचा सगळ्यात जास्त राग होता, त्याच्याच पेशींवर माझा जीव टांगलेला होता.

तिकीट माझं आहे

मांड्यांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा मी लक्षच दिलं नाही. भरल्या गाडीत सीटचे कोपरे लागतात, कंडक्टरच्या अंगावर कुठे ना कुठे डाग असतोच. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी ब्रश बदलला. मग एक दिवस तळोधीच्या पुढे तिकिटं काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसले. ती घाबरून म्हणाली, "बाई, मी तिकीट काढली ना वं." माझी लाइनवर अशीच ख्याती आहे.

चंद्रपूरला रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, मग कमरेच्या हाडातून पाणी काढलं. रिपोर्ट सांगणारा डॉक्टर कोवळा होता. तो सगळं माझ्या मुलीला सांगत होता. प्रणाली कॉलेजात शिकते, ब्रह्मपुरीला. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि हा तिलाच सांगत होता. मी टेबलावर हात आपटला.

"डॉक्टर, तिकीट माझं आहे. माझ्याशी बोला."

मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, रक्ताचा कॅन्सर आहे. मी विचारलं, "गाडी कुठपर्यंत जाते?" त्याला कळलं नाही. मी म्हटलं, "मी जगते का मरते?" तो म्हणाला, उपचार आहेत. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, एवढं मला कळत होतं.

परत येताना खिडकीशी बसले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसून प्रवास केला. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं तेव्हा मला भीती वाटली. कॅन्सरची वाटली, आणि प्रणालीला माझ्याशिवाय कोणी नाही याची त्याहून जास्त वाटली. ती रडायला लागली तशी मी तिच्यावरच खेकसले. भीती वाटली की मी खेकसते, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

भाऊ आहे का

नागपूरला औषधं चढवली, केस गेले, रोग दबला. पण मोठे डॉक्टर म्हणाले की हा दबून राहणारा नाही, पुन्हा डोकं वर काढेल. सख्ख्या भावाबहिणीच्या पेशी जुळल्या तर त्या घालू, नाहीतर कठीण आहे. त्यांनी विचारलं, "भाऊ-बहीण कोणी?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

प्रणाली म्हणाली, "मामा आहे."

त्या वेळी मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

आता हा मामा कोण ते सांगते. आम्ही ढिवर, मासे धरणारे; सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून आमचं घर. आईबाप गेले. दिवाकर माझ्याहून लहान, घर आणि जाळी त्याच्याकडे. प्रणाली कडेवरची होती तेव्हा एकदा नवऱ्याने मला विळ्याच्या मुठीने मारलं. दिवेलागणीला मी पोरीला घेऊन माहेरच्या दारात उभी राहिले. डोळा सुजलेला, पायात चप्पल नाही. दिवाकरने दार बोटभर उघडलं. साखळी काढलीच नाही.

"बाई, तू घरी जाय," तो म्हणाला. "लोक का म्हनतीन? मी उद्या येतो, दाजीले समजावतो."

आणि दार लावलं. आतून वहिनीच्या भाकरीचा वास येत होता. ती रात्र मी पोरीला पोटाशी धरून स्टँडच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी दाजीला समजवायला कोणी आलं नाही, तिसऱ्याही नाही. पुढे नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेला तो तिकडचाच झाला, ती पीडा टळली. मी परीक्षा दिली, कंडक्टर झाले आणि त्याच स्टँडवर ड्यूटीला लागले. तो बाक अजून आहे. मी त्यावर बसत नाही.

दिवाकरला मात्र वाटत होतं की नातं चालूच आहे. आमच्या घरी एक रीत आहे. उन्हाळ्यात तलाव आटला, जाळी पडली, की पहिली धरलेली मरळ बहिणीच्या घरी तिचा वाटा म्हणून जाते, आणि ती जितीच जाते. बाबा म्हणायचे, मेलेली मासोळी बाजाराची, जिती बहिणीची. मरळ भारी चिवट मासा, थोड्या पाण्यातही दम धरून राहते. बाळंतिणीला, अंगात रक्त नसलेल्याला आमच्याकडे मरळच खाऊ घालतात. तर हा दिवाकर दर उन्हाळ्यात रंगाच्या डब्यात मरळ घेऊन, झाकणाला भोकं पाडून, फाट्यावर माझ्या गाडीची वाट पाहत उभा. डबा माझ्या पायाशी ठेवायचा आणि तसाच उतरायचा. मी तो डबा तसाच ड्रायव्हरभाऊंच्या घरी धाडायचे. त्यांच्या बायकोला अजून वाटतं की माझ्याइतकी मायाळू बाई डेपोत दुसरी नाही.

अशा भावाला प्रणालीने माझ्या अपरोक्ष फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी येऊन रक्त देऊन गेला. पेशी जुळल्या. पूर्ण जुळल्या. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी भिंतीकडे तोंड करून पडले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण त्या हरीला काय वाटलं असेल ते कोणी विचारत नाही.

पिशवी

आधी मला जबर औषधं देऊन माझं स्वतःचं रक्त बनवणं बंद पाडलं. तिकडे दिवाकरला इंजेक्शनं दिली, त्यांनी त्याची हाडं ठणकायला लागली. प्रणाली सांगायची, "मामा वाकून चालून राह्यला." मी म्हणायचे, "चालू दे." मग त्याला मशीनला लावून पेशी काढल्या आणि विटेच्या रंगाची एक पिशवी माझ्या खोलीत आली. केवढीशी ती पिशवी. तिच्यासाठी एवढा खटाटोप.

तिथली मुख्य सिस्टर नागमणी, सिरोंचाची. मराठी तोडून तोडून बोलायची, आणि राग आला की सरळ तेलुगूत शिरायची. ती पिशवी लावत म्हणाली, "अम्मा, आज तुमचा नवीन बर्थडे."

मी म्हटलं, "माझा जुना आहे तो पुरे आहे."

पेशी नळीतून थेंब थेंब आत जायला लागल्या. खोलीत सगळे गंभीर. मी मनात म्हणत होते, आत्ता बरी साखळी काढली रे.

संध्याकाळी डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. माझं रक्त ओ, दिवाकरचं बी. पेशी लागल्या तर हळूहळू माझंही बी होईल, कायमचं. हे आधी कुठल्या तरी कागदावर सही घेताना सांगितलं असेल, पण माझ्या डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. मी त्यांना विचारलं, याचा डरपोकपणाही त्यातून येतो का. ते हसले. मी गमतीने विचारलं नव्हतं.

काचेच्या आत

नंतरच्या दिवसांबद्दल लोक मोघम बोलतात, म्हणून मी स्पष्ट सांगते. तोंडाच्या आत सगळं सोलून निघतं. थुंकी गिळायची तरी आधी मनाची तयारी करावी लागते. जुलाब होतात, बिछान्यात होतात, आणि आपल्या पोरीच्या वयाची नर्स ते पुसते. पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर लाजायचीही ताकद उरली नाही. पहाटेच रक्त काढायला येतात आणि मग दिवसभर एकाच आकड्याची वाट, पांढऱ्या पेशी किती. रोज शून्याच्या आसपास काहीतरी. भाजीवाल्याची उधारी टाळावी तसा रक्त काढणारा तंत्रज्ञ डोळे चुकवून जायचा.

खायला फक्त कुकरमधून शिट्ट्या होऊन आलेलं. पाणी उकळलेलं. फूल नाही, माती नाही, बाहेरचा डबा नाही, कारण अंगात जंतूंशी लढायला एक शिपाई उरलेला नसतो. भेटायला येणाऱ्यांनी काचेच्या पलीकडे उभं राहायचं आणि फोनवरून बोलायचं. एक मावशी सिंदेवाहीहून येऊन मला सांगून गेली की तिच्या शेजारणीला हेच झालं होतं आणि ती गेली. डेपोतला एक जण म्हणाला, "बारीक झाल्या, पण छान दिसून राह्यल्या." एकीने ताईत आणला. मी तो घेतला नाही, तर ती रुसली. काचेआड मरायला टेकलेली मी, आणि समजूत तिची काढायची.

बरं काय होतं तेही लिहिते, नाहीतर खोटं होईल. नागमणी उकळलेल्या पाण्याचा बर्फ करून त्याचा चुरा जिभेवर ठेवायची. तो विरघळेपर्यंत तोंडात काही दुखायचं नाही. ती कधी "सगळं ठीक होईल" म्हणाली नाही. एकदा मी विचारलं, "सिस्टर, मी वाचते का?" ती सलाइन बघत म्हणाली, "मला काय माहीत अम्मा. आज तर आहे ना तुम्ही." त्या उत्तरावर मला झोप लागली.

डबा

एका दुपारी काचेपलीकडे दिवाकर आला. माझ्या खोलीच्या आधी एक छोटी खोली होती, तिथे हात धुवायचे, गाऊन-टोपी घालायची. तिथपर्यंत तो कसा पोचला? गेटवर म्हणाला, "रक्त द्याले आलो," आणि पेशी देणारा भाऊ म्हणून सगळे त्याला ओळखतच होते. हातात रंगाचा डबा. झाकणाला भोकं. मी फोन उचलायच्या आतच त्याने झाकण काढलं.

मरळ. हातभर लांब, काळीशार, जिवंत. त्याने ती दोन्ही हातांनी उचलून काचेशी धरली. त्याच्या कोपरावरून तलावाचं हिरवं पाणी गळत होतं.

"बाई, पाहाय. जिती आहे," तो म्हणाला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठांवरून कळलं. बाप्पा, इतका खूश दिसत होता तो.

मरळीने एक हिसका दिला आणि ती फरशीवर. तिने शेपटी आपटली तसा चिखल भिंतीवर, गाऊनच्या गठ्ठ्यावर, हात धुवायच्या बेसिनवर. दिवाकर गुडघ्यांवर बसून तिच्यामागे, ती स्टुलाखाली. नागमणी धावत आली, आणि तिचं ओरडणं मात्र काचेतूनही ऐकू आलं. "अय्यो, काय आणलं रे तू इथे," इथपर्यंत मराठी आणि पुढे तेलुगू. तीही पाण्याकाठचीच, गोदावरीची. तिने वाकून एका पकडीत मरळीच्या कल्ल्यांत बोटं घातली, डब्यात कोंबली, डबा दिवाकरच्या छातीवर आदळला आणि त्याला बाहेर काढलं. मग फिनेल, पुन्हा फिनेल, गाऊनचा गठ्ठा फेकला, सगळी धावपळ.

दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मला हसू आलं असतं. प्रणालीने बाहेर त्याला विचारलं की मामा, इथे माती चालत नाही, तुम्हाला सांगितलं नव्हतं का. तो म्हणाला, "माती कुठी आनली? तलावाचं पानी होय थे. ताकद येते म्हून आनली." त्याच्या डोक्यात तलावाचं पाणी म्हणजे घाण असूच शकत नव्हती. आम्ही लहानपणी तेच प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला.

नुसता ताप नव्हे, पलंगाच्या कड्या वाजतील अशी थंडी. रक्तदाब घसरला. नळीतून एकामागून एक औषधं. मधे एकदा डोळे उघडले तेव्हा प्रणाली काचेवर दोन्ही तळवे टेकवून उभी होती आणि तिचा मास्क ओला झाला होता. मला वाटलं, संपलं. माझी पोर आता एकटी, आणि हे कोणाच्या हातून झालं, तर ज्याने मला दारात घेतलं नाही त्याच्याच हातून.

ताप उतरणीला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या दिवसांत असा ताप जवळपास सगळ्यांना येतो. बऱ्याचदा आपल्याच आतड्यांतले जंतू असतात. कुठून आला हे सांगता येत नाही."

"मला सांगता येतं," मी म्हटलं. बोलताना ओठ फाटला. "त्या माणसाला इथे पाऊल टाकू द्यायचं नाही. गेटवर सांगून ठेवा."

सांगून ठेवलं गेलं. दिवाकर एकदा आला, गेटवरून परत गेला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

नाक दाबलं

ताप गेला, पण आकडा हलेना. माझ्यानंतर आलेल्या शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या पेशी लागल्या, तो खाली उतरून चालायला लागला. माझं तेच ते शून्याच्या आसपास. एका सकाळी मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. डॉक्टर बसले की समजायचं.

"पेशी अजून लागल्याची खूण नाही," ते म्हणाले. "आणखी थोडं थांबू. नाहीतर भावाला पुन्हा बोलवावं लागेल. त्यांना तयार ठेवा."

ते गेल्यावर मी काचेच्या फोनवर प्रणालीला म्हटलं, "मामाले फोन कर."

"नाई," ती म्हणाली.

"काऊन?"

"तू हाकललं, तूच बोलाव. मी सांगू का, मामाचं तुझं काय झालं त्याच्याशी मला काही घेणंदेणं नाही. मी तेव्हा कडेवर होते. मला माझी आई पाहिजे. तुला त्याच्यावर रुसून मरायचंच असेल तर तसं सांग, मी बॅग उचलते आणि घरी जाते."

आणि तिने फोन ठेवला. पोर माझीच आहे. संध्याकाळपर्यंत ती काचेपाशी आलीच नाही, बाहेरच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिच्या वेणीकडे पाहत पडले होते. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. शेवटी मी नागमणीला मोबाइल मागितला.

तो पाण्यातच असावा, मागे पाणी कापल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "दिवा, मी बोलून राह्यली. कदाचित अजून एकदा लागतीन तुह्या पेशी."

"निघतो," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी नागमणीने त्याला आधी आंघोळ करायला लावली, नखं कापायला लावली, खिसे उलटे करून दाखवायला लावले. मग तो काचेपुढे उभा राहिला. हात रिकामे होते आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मी आतला फोन उचलला, त्याने बाहेरचा. मला बोलायला त्रास व्हायचा, तरी मी जे विचारायचं ते विचारलंच. उद्या मी नसले तर राहून जाईल, असं वाटलं.

"दिवा, त्या दिवशी दार काऊन नाई उघडलं?"

कोणता दिवस, असं त्याने विचारलं नाही.

"भ्यालो," तो म्हणाला.

"कोणाले?"

"लोकांले. आन तू राह्यली असती तर मंग काय, असंबी वाटलं. नवीन लग्न होतं. घर लहान होतं."

"आन मी पोरीले घेऊन कुठी जाईन, थे?"

त्याने काचेवरचा एक डाग बोटाने पुसून पाहिला. "थे मनात आनलंच नाई, बाई."

खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. इतक्या वर्षांत मी त्याची सगळी खोटी उत्तरं मनात धरून ठेवली होती आणि प्रत्येकावर माझं उत्तर तयार होतं. हे उत्तर त्यांत नव्हतं. मी फोन ठेवला. तो पाया पडला नाही, रडला नाही. मग बाहेर जाऊन प्रणालीशेजारी बाकावर बसला.

आकडा

त्याच्या पेशी पुन्हा काढाव्या लागल्या नाहीत. तो नागपुरातच थांबून होता, कोणा ओळखीच्याच्या खोलीवर. एका सकाळी तंत्रज्ञाऐवजी नागमणीच आत आली.

"अम्मा, आले," ती म्हणाली.

"कोण आलं?"

"पेशी आले. उशीर केला, पण आले."

आकडा लहान होता. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, मग आणखी मोठा. तोंडातलं सोललेलं भरून यायला लागलं. मी रडले, हे सांगायला मला लाज नाही. आनंदाने रडले आणि त्याच दमात चिडलेही, कारण जगवलं त्याने होतं. मला दुसऱ्या कोणाच्याही पेशी चालल्या असत्या. त्या फाट्यावरच्या म्हशीच्याही चालल्या असत्या. पण वाचले ते त्याच्या पेशींनी. दिवाकर काचेपाशी आला, अंगठा वर केला. मी मान फिरवली. मग पुन्हा वळून पाहिलं तर तो अंगठा वर धरूनच उभा होता.

तुझा आकडा उशिरा आला तर घाबरू नको, असं मी म्हणणार नाही. घाबर. सगळे घाबरतात. फक्त ज्याला शिव्या द्यायच्या त्याला समोरासमोर दे, मनात ठेवून उजळणी करत बसू नको. त्यात माझी फार ताकद गेली.

दार

सिंदेवाहीला घरी आले ते नव्या नियमांसकट. मास्क, उकळलेलं पाणी, गर्दी नाही, आणि घरात बाहेरचं कोणी नाही. प्रणालीने दारावर आतून साखळी लावून टाकली. डेपोतले लोक खिडकीतून बोलून जायचे. नागपूरला तपासणीला गेले तेव्हा रक्त घेणाऱ्याने नळीवर लिहिलं, बी. मी म्हटलं, ओ. तो म्हणाला, "मावशी, आता बी." मी त्याच्याशी वाद घातला. आतून माहीत होतं, तरी घातला.

दिवाकर गावी गेला तो आला नाही. बोलवलं नव्हतं, आला नाही. मग ऊन तापलं, तलाव आटले.

एका सकाळी प्रणाली औषधं आणायला गेली होती. मी एकटीच घरात. पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, मग आत पाण्यात शेपटी आपटल्यासारखा. दार कोणी वाजवलं नाही. मी साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं.

डबा. भोकं पाडलेलं झाकण. आणि त्यापलीकडे, अंगणात उन्हात, दिवाकर. मास्क लावलेला, पण नाकाखाली. तो दोन पावलं मागे सरकून उभा होता.

"वाटा आनला," तो म्हणाला. "प्रणाली आली का तिले देजो. चांगली शिजवून घ्या म्हना. मी जातो."

हे दृश्य मी किती वर्षं मनात पाहिलं होतं, सांगून खरं वाटणार नाही. मी आत, तो बाहेर, मधे साखळी. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, त्याचेच शब्द, एकही कमी-जास्त नाही. आणि ते मी बोलले.

"दिवा, तू घरी जाय. लोक का म्हनतीन?"

त्याने मान खाली घातली. "हाव बाई," म्हणाला. पण गेला नाही. तिथेच, डब्याशेजारी, पायरीवर बसला. पाठ माझ्याकडे. मानेवर ऊन पडलं होतं, आणि त्या मानेमागे बाबांच्या मानेला होता तसाच घडीचा वळ होता. डब्यात मरळ फिरत होती.

मी बोलले, पण मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. गार वगैरे काही वाटलं नाही. उलट पाय दुखायला लागले, उभं राहायची सवय गेली होती. मी चौकटीला धरून उभी राहिले आणि त्याची पाठ पाहत राहिले. मी त्याला माफ केलं नाही, अजूनही नाही. लिहिताना सुद्धा तो बाक आठवला की माझं टाळकं सरकतं.

"नाक झाक," मी म्हटलं. "मास्क वर घे."

त्याने वर घेतला.

"हात धुतले का?"

"साबनानं धुतले. बोरिंगवर."

"डबा बाहेरच राहू दे."

मी साखळीला हात घातला. ती घट्ट बसली होती. बोटांत ताकद नव्हती, नखं औषधांनी काळी पडलेली, एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली. साखळीचा आवाज ऐकून तो उठून उभा राहिला.

"राहू दे बाई," तो बाहेरून म्हणाला. "नाई निघत तं राहू दे. मी इथीच बरा हाव."

"गप उभा राह्य," मी म्हटलं. "उघडून राह्यली ना."